८ महिने वापरलेला फोर-वायर मीटर, आणि त्या केल्विन क्लिपा

मीटरचे स्पेक्स सगळ्यांना माहितीयेत, ते परत लिहीत नाही. मला बोलायचंय ते मीटरच्या वायरींच्या टोकाला असतात त्या, सेन्सर पकडायच्या क्लिपांबद्दल.

माझं काम भोसरीत, ओव्हन आणि कोल्डरूमचे पीटी-१०० सेन्सर (तापमान मोजणारे; शून्य डिग्रीला रेझिस्टन्स १०० ओहम, तापमान वाढलं की तोही वाढतो) तपासून द्यायचे. आधी साध्या मल्टिमीटरवर भागवायचो. पण एका डिग्रीला जेमतेम ०.३८५ ओहम फरक पडतो आणि प्रोबच्या वायरीच ०.३ ओहम खातात, म्हणजे पाऊण डिग्री तिथेच गेली की. म्हणून पोटाला चिमटा काढून हा फोर-वायर बेंच मीटर (टेबलावर ठेवून रेझिस्टन्स मोजायचा) घेतला, तोही सेकंडहँड. दोन वायरीतून करंट जातो, दुसऱ्या दोन वायरी नुसतं व्होल्टेज बघतात, त्यामुळे वायरीचा रेझिस्टन्स मोजण्यात येतच नाही. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि पाणी कालवून माझा ठेवणीतला सेन्सर बुडवला की १००.०२ ओहम, रोज तेच. जीव खूश व्हायचा.

जुलैत तोच सेन्सर, तोच थर्मास, आणि रीडिंग १००.१७. म्हणजे ०.४ डिग्रीची चूक! क्लास ए (जास्त अचूक ग्रेड) च्या सेन्सरला शून्यावर ०.१५ डिग्रीचीच सूट असते, आणि मी त्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाचे दोन सेन्सर खराब म्हणून परत पाठवले होते. खूप वाईट वाटलं.

जो तो म्हणाला पावसाची ओल शिरली असेल. पण ओल शिरली तर करंटला बाजूने वाट मिळते, रीडिंग खाली येतं, माझं तर वर गेलं होतं. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले कॅलिब्रेशन गेलंय, मीटर पाठवा, ४२०० रुपये, कुरियर वेगळं. क्लिप बघितली का विचारलं तर ऐकूनच घेईनात. मी वैतागून इथे २ स्टार टाकणार होतो.

मग रात्री सहज क्लिप बोटाने घट्ट दाबली तर १००.१७ चं १००.०९ झालं. फोर-वायरमध्ये क्लिप किती घट्ट बसलीये याने फरक पडायलाच नको! क्लिप काढून, जबडे उघडे धरून, दोन जबड्यांमध्ये जुन्या मल्टिमीटरचा बझर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो तो) लावला, वाजला. एक जबडा करंटचा, एक व्होल्टेजचा, दोघांचा एकमेकांशी संबंध नसायला हवा, पण मधल्या पिनवरचं प्लास्टिकचं बुश तडकून दोन्ही जबडे पिनेला टेकले होते, आणि क्लिपच्या टोकाचा काँटॅक्ट रेझिस्टन्स रीडिंगमध्ये मिसळत होता. आणि स्क्रीनवर एरर वगैरे काही येत नाही, आकडा आपला छान स्थिर दिसतो, हेच सगळ्यात घातक. १० रुपयांचे नायलॉनचे वॉशर बसवले, परत १००.०२.

त्यामुळे मत बदललं, मीटर उत्तम आहे, ४ स्टार. एक स्टार त्या बुशाचा कापला. एवढ्या किमतीच्या वस्तूला असलं तकलादू प्लास्टिक द्यायचं, आणि क्लिपांची नवी जोडी १९०० ला विकायची, हे मला पटत नाही.

आणि हो, उकळत्या पाण्यात तपासून १३८.५ ओहम (म्हणजे १०० डिग्री) येत नाही म्हणून मीटरला नावं ठेवणाऱ्यांसाठी: पुणं ५६० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं, १३७.७ आलं तर बरोबर आहे.

ते दोन सेन्सर मागवून घेतले, पुन्हा तपासले, ठणठणीत निघाले, बिल लावलं नाही. आता रोज सकाळी मीटर चालू करायच्या आधी दोन्ही क्लिपांना बझर लावतो.