सॅन की सेफ? व्हीएमच्या डिस्क ठेवायच्या कुठे

व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा संगणक) चालू अवस्थेत एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवायचं, तर त्याची डिस्क दोन्हीकडून दिसली की काम सोपं होतं. त्यासाठीची जुनी वाट म्हणजे सॅन (स्टोरेज एरिया नेटवर्क): वेगळा स्टोरेज अ‍ॅरे, म्हणजे डिस्कांची पेटी, त्यात तिचा कारभार पाहणारे दोन कंट्रोलर, आणि फायबर चॅनल किंवा आयस्कझी अशा स्टोरेजसाठीच्या जोडणीवरून जोडलेले सर्व्हर. दुसरी वाट हायपरकन्व्हर्ज्ड. इथे डिस्क सर्व्हरांच्याच पोटात असतात आणि सॉफ्टवेअर त्यांचा सामाईक साठा करतं. व्हीएमवेअरचं व्हीसॅन २०१४ मध्ये आलं ते याच धर्तीवर. प्रॉक्समॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या प्रणालीत हे काम सेफ (Ceph) नावाचं सॉफ्टवेअर करतं.

जागेच्या हिशेबात सॅन पुढे. रेड ६ या डिस्क एकत्र बांधायच्या रीतीत १२ डिस्कपैकी २ पॅरिटीत, म्हणजे बिघडलेल्या डिस्कवरची माहिती परत घडवायच्या तजविजीत, जातात. सेफ मात्र नेहमीच्या रीतीने प्रत्येक गोष्टीच्या ३ प्रती ठेवतं, म्हणजे ३० टेराबाइट विकत घेऊन हाती १०, आणि तेही काठोकाठ भरायचे नाहीत. (इरेजर कोडिंगने, म्हणजे पूर्ण प्रतींऐवजी पॅरिटीसारखे तुकडे ठेवून, जागा वाचते, पण व्हीएमच्या बारीकसारीक लिखाणाला ते जड जातं.) शिवाय प्रत्येक लेखन बाकीच्या सर्व्हरांपर्यंत जाऊन आल्याशिवाय पुरं होत नाही, १ गिगाबिटच्या स्विचवर हा संसार मांडू नये.

वाढवायचं म्हटलं की चित्र उलटतं. सेफमध्ये नवा सर्व्हर जोडला की जागा आणि वेग दोन्ही वाढतात. सॅनमध्ये डिस्क वाढल्या तरी कंट्रोलर सहसा तेच दोन.

तीनच सर्व्हर असतील तर मी सॅन घेईन. नाव सेफ असलं तरी तिघांतला एक बसला की तिसरी प्रत ठेवायला जागा उरत नाही, आणि दुसराही गेला तर लिहिणं-वाचणंच थांबतं. पाच-सहा सर्व्हरपासून पुढे मात्र सेफ.