घणसोलीतली कॉट बेसिसची खोली: पाचपैकी साडेतीन तारे

सात महिने राहून लिहितोय. माणूस शेचाळीस वर्षांचा, मूळ गाव कराडजवळ, बायकापोरं तिकडंच, नोकरी रबाळे एमआयडीसीत. दिवसाला सहा-सात सिगारेटी ओढतो. हे आधीच सांगितलं, म्हणजे पुढचं कुणाच्या नजरेनं लिहिलंय ते कळेल.

गावठाणातली चार मजली, बिनलिफ्टची इमारत. चौथ्या मजल्यावर वन बीएचके, त्यात सहा कॉट. कॉटला 5,500 भाडं, दोन महिन्यांचं डिपॉझिट, लाइटबिल वाटून. पाणी सकाळी भरपूर येतं. रबाळे स्टेशन ट्रान्स हार्बरवर एकच स्टेशन अलीकडं. खाली खानावळ आहे, भाकरी मिळते. ढेकूण नाहीत, आणि कॉट बेसिसवर राहिलेल्याला यासाठी वेगळा तारा द्यावासा वाटेल.

आता मुद्द्याचं. दाराच्या आत मालकानं कागद चिकटवलाय: खोलीत, संडासात, बाल्कनीत सिगारेट ओढल्यास 500 रुपये दंड, डिपॉझिटमधून. सरकार सार्वजनिक जागी ओढली तर 200 पर्यंत घेतं, आमचा मालक सरकारपेक्षा महाग! बरं, 2003 चा तंबाखूबंदीचा कायदा खासगी घरात येतच नाही. तो ऑफिस, हॉटेल, दवाखाना, थिएटर असल्या जागांचा. 2008 च्या 2 ऑक्टोबरपासून कामाची जागा त्यात पक्की बसली, म्हणून आमच्या कंपनीच्या गेटपासून कँटीनपर्यंत 'धूम्रपान निषेध'चा बोर्ड लावलेला. पण घर मालकाचं, अट मालकाची. मी सही केलीय, तक्रार नाही.

अट चुकीचीही नाही. माझ्या शेजारच्या कॉटवर नांदेडचा पोरगा आहे, परीक्षेचा अभ्यास करतो, उशीखाली दम्याचा पंप ठेवून झोपतो. माझ्या आधीचा भाडेकरू म्हणे रात्री संडासात एक्झॉस्ट लावून ओढायचा. तो धूर डक्टमधून शेजारच्या बिऱ्हाडात, नाहीतर फिरून परत खोलीतच. मी खाली ओढून येतो, शर्ट बाल्कनीच्या खिळ्याला लावतो, चूळ भरतो, तरी पोरगा शिंकतो. "काका, तुमच्या मिशांना वास येतोय," म्हणाला एकदा. मिशा काय खिळ्याला लावू?

अडचण रात्रीची आहे. सेकंड शिफ्ट अकराला सुटते, खोलीवर साडेअकरा. खालच्या ग्रिलला बाराला कुलूप, चावी मालकाकडं आणि तो राहतो ऐरोलीला. गच्चीला थर्टी फर्स्टच्या राड्यानंतर कायमचं कुलूप. म्हणजे जेवणानंतरची सिगारेट ओढायची तर वीस मिनिटांत डबा संपवून चार मजले खाली जायचं आणि वर यायचं. दोनदा बाहेर अडकलो, एकदा वॉचमनमामांच्या खुर्चीत पहाटेपर्यंत बसलो. आता उलटं करतो, आधी खाली दोन ओढून घेतो आणि मग गार भाकरी खातो. एक ओढायला खाली गेलेला माणूस दोन ओढूनच वर येतो, कारण परत कोण उतरणार?

टपरीचंही तसंच. सुटी सिगारेट विकायला राज्यात 2020 पासून बंदी आहे. आमचा टपरीवाला ती बंदी मानतो, चांगला माणूस आहे. पण पूर्वी एक घेतली की एकच ओढायचो, आता पाकीट खिशात असतं. आणि खिशातलं पाकीट रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी, ग्रिल बंद झाल्यावर, फार आठवतं.

राग एकाच गोष्टीचा. मार्चमध्ये बाल्कनीच्या कठड्यावर चटका सापडला आणि 500 माझ्या नावावर पडले. तो उदबत्तीचा होता, गुरुवारी कोण लावतं ते साऱ्या खोलीला माहीत आहे. पण सिगारेटवाला मीच. पाकिटाची 85 टक्के जागा व्यापणारा तो धोक्याचा इशारा जणू माझ्या कपाळावर छापलाय. दुसरीकडं, दोघं जण दिवसभर तंबाखू मळतात, त्यांच्यासाठी कागदावर ओळ नाही. बेसिन एकदा जाऊन बघा. एक तारा त्या बेसिनचा कापला, अर्धा चटक्याचा.

न ओढणाऱ्यानं डोळे झाकून घ्यावी अशी खोली आहे, खिडकीकडची कॉट दहा तारखेला रिकामी होतेय. ओढणाऱ्यानं गुडघे तपासून यावं. पाकिटावर सोडण्यासाठीचा 1800-11-2356 हा फुकटचा नंबर असतो, पोरग्यानं माझ्या फोनमध्ये 'मिशा' नावानं सेव्ह करून दिलाय. अजून लावला नाही.

दलालानं परवा कोपरखैरण्यात तळमजल्याची एक खोली सांगितली. भाडं किती ते मी नंतर विचारलं. आधी विचारलं, ग्रिलची चावी कुणाकडं असते?