रिमोट समर इंटर्नशिपच्या नावाखाली माझे ४१,१९९ रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

हे लिहू की नको, यात दहा दिवस गेले. एमबीए करणारी मुलगी अशी कशी फसली, हा प्रश्न घरी, कॉलेजात, पोलीस ठाण्यात सगळीकडे ऐकून झालाय. तरी लिहितेय, कारण समर इंटर्नशिपचा शोध दर वर्षी असतो आणि ही माणसं अजून मोकळी आहेत.

आधी हिशोब. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन १,४९९. लॅपटॉप आणि सॉफ्टवेअरचं 'रिफंडेबल' डिपॉझिट १२,५००. सीआरएम (ग्राहकांची माहिती सांभाळायचं सॉफ्टवेअर) सर्टिफिकेशन ६,८००. क्लायंटसाठी लीड डेटाबेस, म्हणजे संभाव्य ग्राहकांची यादी, १८,०००. शेवटी स्टायपेंड सोडवायला 'जीएसटी' ५,४००. एकूण ४४,१९९. त्यातले ३,००० त्यांनी पहिल्या आठवड्यात मला दिले होते, म्हणून गेले ४१,१९९. त्या ३,०००नीच माझा घात केला. ज्यांच्याकडून आपल्या खात्यात पैसे आलेत, त्यांच्यावर संशय येत नाही.

मी आंधळेपणाने गेले नव्हते. आमच्या बॅचमध्ये मार्केटिंगच्या जागा मार्चमध्येच संपल्या होत्या. आईचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे मला घरून करता येईल असंच काम हवं होतं. नोकरीच्या एका मोठ्या साइटवर जाहिरात दिसली: आठ आठवडे, रिमोट, महिना १५,००० स्टायपेंड, चांगलं काम केलं तर पीपीओ, म्हणजे पुढे पक्क्या नोकरीची ऑफर. कंपनीचं नाव खरं, माहितीतलं. मुलाखतीच्या दोन फेऱ्या झाल्या. समोरचा माणूस कॅमेरा चालू ठेवून बोलत होता आणि त्याने मला केस दिली: लहान शहरांत बाटलीबंद नारळपाणी विकायचं आहे, पहिल्या ९० दिवसांत ५०० दुकानं कशी जोडाल? चाळीस मिनिटं त्याने मला उलटसुलट विचारलं. माझा मार्जिनचा आकडा चुकला तो त्याने पकडला. कॅम्पसवरच्या कुठल्याही मुलाखतीत मला इतकं कसून कोणी विचारलं नव्हतं. अशा मुलाखतीनंतर आलेलं ऑफर लेटर खोटं असेल, हे कोणाच्या डोक्यात येईल?

ऑफर लेटरवर सीआयएन, म्हणजे कंपनीचा सरकारी नोंदणी क्रमांक, होता. कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर टाकून बघितला, कंपनी सापडली. मी खूश. पण तो सीआयएन खऱ्या कंपनीचा होता, कोणीही उचलून कागदावर छापू शकतं. ईमेल ज्या डोमेनवरून येत होती त्यात कंपनीच्या नावापुढे 'करिअर्स' जोडलेलं होतं. ते डोमेन ऑफरच्या फक्त २६ दिवस आधी नोंदवलेलं होतं, हे मी जूनमध्ये पाहिलं. डोमेन कधी नोंदवलं हे दाखवणाऱ्या हूइज शोधाला एक मिनिट लागतं आणि पैसे लागत नाहीत. कंपनीच्या मूळ वेबसाइटवरचा फोन नंबर घेऊन एचआरला एक कॉल केला असता तर तिथेच संपलं असतं. पत्रात दिलेल्या नंबरवर खातरजमा करू नका, तो नंबर त्यांचाच असतो.

आता तो क्षण, जो आठवला की अजून झोप उडते.

९ एप्रिल, संध्याकाळचे ५ वाजून ४० मिनिटं. लॅपटॉपच्या डिपॉझिटसाठी यूपीआय आयडी आला होता. आयडीत कंपनीचं नाव होतं. मी १२,५०० टाकले, पुढच्या स्क्रीनवर आयडीच्या खाली बँकेत नोंदलेलं नाव आलं, आणि ते कुठल्यातरी बाईचं होतं. नाव, आडनाव, बाकी काही नाही. मी थांबले. खरंच थांबले. स्क्रीनशॉट काढला आणि त्यांनी बनवलेल्या इंटर्न्सच्या चॅट ग्रुपवर विचारलं, 'सर, हे नाव बरोबर आहे का?' एका मिनिटात उत्तर: 'येस, फायनान्स टीमचं रीइम्बर्समेंट अकाउंट आहे. व्हेंडर सहाला ऑर्डर बंद करतोय, प्लीज फास्ट.' ग्रुपमधल्या आणखी दोन 'इंटर्न्स'नी लगेच 'डन सर' लिहिलं. मी पिन टाकला.

आयडीत कोणी काहीही लिहू शकतं. त्याखाली बँकेचं जे नाव दिसतं, तेच खातेदाराचं. ते मी वाचलं होतं, मला ते खटकलं होतं, आणि तरी मी चोराला विचारलं की तू चोर आहेस का. ते 'डन सर'वाले दोघंही त्यांचेच होते, आता कळतंय. घाई कोणी करत असेल तर तिथेच हात आखडा.

लॅपटॉप आलाच नाही. 'स्टॉक अडकलाय, तोवर स्वतःचा वापरा.' मी वापरला. कारण काम खरं होतं! मी ६४ दुकानदारांशी फोनवर बोलले, एक्सेलमध्ये ४१२ ओळी भरल्या, दर शुक्रवारी आढावा, प्रत्येक स्लाइडवर सूचना. मला वाटलं मी शिकतेय. आता भीती वाटते ती त्या ४१२ ओळींची. त्यात लोकांची नावं आणि नंबर आहेत, माझ्या शब्दावर विश्वास ठेवून दिलेले. शक्य झालं तितक्यांना मी फोन करून सावध केलंय. शिवाय माझं आधार, पॅन, कॅन्सल चेक सगळं त्यांच्याकडे आहे. तुम्ही दिलं असेल तर आधारचं बायोमेट्रिक आजच लॉक करा आणि क्रेडिट रिपोर्ट बघा, तुमच्या नावावर कर्ज निघालंय का. आधार द्यावंच लागलं तर मास्क्ड द्या, म्हणजे ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात ते.

पाचव्या आठवड्यातल्या १८,००० ची गोष्ट लिहायला लाज वाटते. 'क्लायंटच्या डेडलाइनसाठी तू भर, स्टायपेंडसोबत परत मिळेल.' इतके आठवडे राबल्यावर सगळं खोटं आहे असं मान्य करणं मला जमलं नाही. इंटर्नने कंपनीची खरेदी स्वतःच्या खिशातून करायची नसते. आणि टीडीएस असो की आणखी काही, देणारा तो कापून देतो, आपल्याकडून आधी मागत नाही. ११ जूनला ३०,००० वर १८ टक्के म्हणून ५,४०० भरले, १३ जूनला ग्रुप गायब.

दोन दिवस मी कोणालाच सांगितलं नाही. ही माझी सगळ्यात महाग चूक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पैसे पुढे सरकायच्या आत खातं रोखता येण्याची शक्यता असते. मी तक्रार केली तोवर त्या खात्यात २,३१० रुपये उरले होते. ते होल्डवर आहेत आणि सोडवायला कोर्टाचा आदेश आणा, असं सांगितलंय.

मग सुरू झाल्या चकरा. पोलीस ठाण्यात म्हणाले, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यात जा. परत आले तर म्हणे खातं दुसऱ्या राज्यातलं आहे, हद्द आमची नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द कोणतीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी असं स्पष्ट लिहिलंय. मी छापून नेलं होतं. साहेबांनी कागद न वाचता टेबलावर उलटा ठेवला आणि विचारलं, 'एमबीए करता ना तुम्ही?' चार फेऱ्यांनंतर अर्जावर पोहोचचा शिक्का मिळाला. एफआयआर नाही. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ आणि तोतयेगिरी करून फसवणुकीचं ३१९, आयटी कायद्याचं ६६डी, सगळं अर्जात घातलंय. तुम्ही गेलात तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरच्या तक्रारीचा क्रमांक, प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर (बँकेचा संदर्भ क्रमांक) आणि चॅट एक्सपोर्ट करून छापून न्या. चॅट डिलीट होण्याआधी, ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी.

माझ्या बँकेचं उत्तर दोन ओळींचं: पिन तुम्ही टाकला, व्यवहार तुमच्या संमतीने झाला. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातलं तीन दिवसांचं संरक्षण अनधिकृत व्यवहारांना आहे, तुमचा त्यात बसत नाही. समोरच्या बँकेचं म्हणणं, तुम्ही आमच्या ग्राहक नाही. मग भाड्याने दिलेलं खातं कोणी उघडून दिलं? त्या बाईचं केवायसी कोणी केलं? याचं उत्तर द्यायला कोणीच बांधील नाही का?

आणि सगळ्यात जास्त राग आहे तो आमच्या प्लेसमेंट सेलवर. आता म्हणतात, ऑफ-कॅम्पस आहे, आमची जबाबदारी नाही. पण मला एनओसी कोणी दिली? त्याच खोट्या ऑफर लेटरच्या प्रतीवर सही-शिक्का कोणाचा आहे? शिक्का मारण्यापूर्वी एक फोन करायला काय हरकत होती? माझे आठ आठवडे गेले, रिपोर्ट ग्राह्य धरणार नाहीत, दिवाळीच्या सुट्टीत परत इंटर्नशिप करायची आहे. माझ्या सांगण्यावरून एका वर्गमैत्रिणीनेही १,४९९ भरले होते. ते मी तिला परत दिलेत.

काल तीच जाहिरात पुन्हा दिसली. कंपनीचं नाव वेगळं, स्टायपेंड आता १८,०००. मी नवीन ईमेलवरून अर्ज केला. आज सकाळी पहिल्या फेरीची केस आली: लहान शहरं, बाटलीबंद नारळपाणी, ९० दिवस, ५०० दुकानं. स्क्रीनशॉटसह पोर्टलवर आणि त्या साइटकडे तक्रार केली आहे. जाहिरात हे लिहीपर्यंत तरी तिथेच आहे.