आठ महिने स्वतःच्या जिवावर पायथन, मग एनपीटीईएलचा कोर्स, माझा अनुभव

बीकॉम आहे, नाशिकला एका कंपनीत अकाउंट्स बघते. एका क्लासवाल्याने पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे ४५ हजार सांगितले म्हणून यूट्यूबवरूनच सुरुवात केली, आणि खरं सांगते, पहिले आठ महिने भारी गेले, कारण ऑफिसात जे अडायचं तेच शोधायचं, जमलं की लगेच वापरायचं. बँक स्टेटमेंट लेजरशी जुळवायला अख्खी दुपार जायची ते पंधरा मिनिटांवर आलं.

मग एकदा पगाराचे आकडे बिघडले. मूळ यादी (तिचं नाव ए) तशीच राहावी म्हणून मी बी = ए लिहून कॉपी काढली, बी मध्ये कपात वजा केली, तर ए मधले आकडे पण कमी! दोन रात्री नुसतं स्क्रीनकडे बघत बसले. असं लिहिलं की दुसरी यादी होतच नाही, एकाच यादीला दोन नावं पडतात, एवढंच होतं ते. आठ महिन्यांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. एकट्याने शिकताना प्रश्न पण आपलेच असतात ना, त्यामुळे जे माहीतच नाही त्याकडे आपण फिरकत नाही.

म्हणून केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवर एनपीटीईएलचा (आयआयटीसारख्या संस्थांचा ऑनलाइन कोर्सचा उपक्रम) १२ आठवड्यांचा पायथनचा कोर्स घेतला. शिकायला फुकट, परीक्षा द्यायची असेल तरच फी, मी १००० भरले. असाइनमेंटचे २५ मार्क, त्यात १२ पैकी चांगल्या ८ धरतात, आणि सेंटरवर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५. सर्टिफिकेटला असाइनमेंटमध्ये १० आणि परीक्षेत ३० तरी लागतातच.

व्हिडिओ यूट्यूबपेक्षा फार वेगळे वाटले नाहीत, काही तर मी दीडपट स्पीडने पाहिले. खरी किंमत त्या दर आठवड्याच्या तारखेची. पोराला झोपवून रात्री साडेदहाला बसायचं आणि रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं) कंटाळवाणं वाटलं तरी सोडवायचंच, स्वतः शिकत असते तर ते कधीच हातात घेतलं नसतं. डिस्कशन फोरमवर विचारलं की उत्तर मिळायचं पण कधीकधी दोन दिवसांनी, तोवर अडकून राहायचं.

मला विचाराल तर आधी दोन-तीन महिने आपल्या कामापुरतं आपलं आपण शिका. मी थेट कोर्सला बसले असते तर चौथ्या आठवड्यात सोडला असता, कारण हे सगळं कशाला हवंय तेच कळलं नसतं. त्या सर्टिफिकेटने माझा पगार वाढलेला नाही, पण पगाराची ती फाइल आता मी बिनधास्त उघडते. पुढच्या सत्रात डेटा स्ट्रक्चर्सचा, म्हणजे प्रोग्राममध्ये माहिती कशी मांडून ठेवायची त्याचा, कोर्स घेतेय.