पिप चेक: तिला काय दिसतं आणि काय दिसत नाही

पायथॉनवर रोज काम करणाऱ्या कितीतरी जणांना पिपमध्ये, म्हणजे पायथॉनची पॅकेजेस (इतरांनी लिहिलेला तयार कोड) टाकायच्या टूलमध्ये, चेक नावाची कमांड आहे हेच माहीत नसतं. मलाही बरीच वर्षं माहीत नव्हतं, आणि ती काही काल-परवा आलेली नाही, पिप ९.० मध्ये आली म्हणजे २०१६ पासून आपल्या सगळ्यांच्या मशीनवर आहेच. वेगळं काही टाकायला लागत नाही, टर्मिनलवर पिप चेक लिहून एंटर मारायचं. सगळं ठीक असेल तर 'नो ब्रोकन रिक्वायरमेंट्स फाउंड' एवढी एकच ओळ येते, नसेल तर कुठल्या पॅकेजला काय हवंय आणि ते मुळातच नाहीये की आहे पण व्हर्जन जुळत नाहीये, हे एकेका ओळीत येतं.

माझी तिच्याशी गाठ कशी पडली ते सांगते. एका जुन्या प्रोजेक्टमध्ये नवीन लायब्ररी टाकायची होती, पण ती टाकायला गेलं की तिच्यासोबत येणारी पॅकेजेस आमच्या ठरवून ठेवलेल्या व्हर्जन्स बदलून टाकत होती, म्हणून टीममधल्या एकाने नो-डेप्स (सोबत लागणारी पॅकेजेस टाकू नकोस असं सांगणारा पर्याय) लावून फक्त ती एकटीच टाकली. पिपने 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' सांगितलं, इम्पोर्ट झालं, टेस्ट पास झाल्या, सगळे खूश. पंधरा दिवसांनी कोणीतरी एक्सेल रिपोर्ट काढायचं बटण दाबलं आणि धाडकन मॉड्यूल नॉट फाउंड! झालं होतं असं की ती लायब्ररी ओपनपायएक्सेलला (एक्सेल फाइल्स हाताळणारं पॅकेज) वर फाइलच्या सुरुवातीला न बोलावता एका फंक्शनच्या आत बोलावत होती, त्यामुळे ते फंक्शन चालेपर्यंत कोणालाच पत्ता नाही. मी दोन तास आमचाच कोड उलटापालटा करत बसले, मग एक सिनियर म्हणाले अगं आधी पिप चेक तरी चालव. चालवलं तर समोर सरळ लिहिलेलं, या लायब्ररीला ओपनपायएक्सेल लागतं आणि ते इन्स्टॉल केलेलं नाही. ही ओळ पंधरा दिवसांपूर्वीही तशीच आली असती हे तेव्हा फार लागलं मनाला.

ती करते काय तर प्रत्येक पॅकेज इन्स्टॉल झालं की त्याच्यासोबत डिस्ट-इन्फो नावाचं फोल्डर येतं, त्यात मेटाडेटा नावाची साधी टेक्स्ट फाइल असते, उघडून बघा एकदा, त्यात 'रिक्वायर्स-डिस्ट' अशा ओळी दिसतील. चेक त्या सगळ्या ओळी वाचून तुमच्याकडे खरंच असलेल्या पॅकेजेसशी ताडून बघते, बस. इंटरनेट लागत नाही, आणि गडबड सापडली तर एक्झिट कोड १ देते, म्हणून मी आता डॉकरफाइलमध्ये (प्रोग्रामचा कंटेनर, म्हणजे सगळं सोबत बांधलेला डबा, कसा बनवायचा ते सांगणारी फाइल) इन्स्टॉलच्या लगेच खालीच ती ठेवते, काही राहिलं असेल तर बिल्ड तिथेच थांबतो. फक्त नुसतं पिप चेक न लिहिता पायथॉन डॅश एम पिप चेक लिहा, एका मशीनवर तीन-चार पायथॉन असतात आणि आपण तपासतोय ते भलतंच निघतं.

काही जण म्हणतील की २०२० च्या शेवटी पिप २०.३ मध्ये नवा रिझॉल्व्हर (कुठलं व्हर्जन टाकायचं ते ठरवणारा भाग) आला, आता याची गरज काय. गरज आहे हो. एकाच कमांडमध्ये सगळं टाकलं तर तो व्हर्जन्स जुळवतो, जुळत नसतील तर टाकतच नाही, हे खरंय. पण आपण तसं करतो कुठे, आज एक टाकतो, आठवड्याने दुसरं, दुसऱ्याला एखाद्या पॅकेजचं नवं व्हर्जन हवं असतं, पिप ते वाढवतो आणि पहिलं मोडतं. शेवटी लाल अक्षरात सांगतो की इन्स्टॉल असलेली सगळी पॅकेजेस मी विचारात घेत नाही, पण इन्स्टॉल करून मोकळा होतो. ती लाल अक्षरं न वाचता पुढे जाऊ नका, कळकळीने सांगतेय.

आता तिला काय दिसत नाही ते. लायब्ररी लिहिणाऱ्याने मेटाडेटात जे लिहिलंच नाही ते तिला कळणार नाही. एक्स्ट्राज म्हणून ठेवलेल्या ऐच्छिक गोष्टीही ती तपासत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायब्रऱ्या. ओपनसीव्हीचं (चित्रं आणि व्हिडिओ हाताळणारी लायब्ररी, इम्पोर्ट करताना नाव सीव्ही२) उदाहरण बऱ्याच जणांनी भोगलंय, छोट्याशा लिनक्स कंटेनरमध्ये टाकलं, पिप चेक म्हणते सगळं छान, आणि सीव्ही२ इम्पोर्ट केलं की लिबजीएल डॉट एसओ डॉट १ उघडता येत नाही. ते पायथॉनचं पॅकेजच नाही, मग पिपला कसं कळणार? तिथे एलडीडी कामाला येते, फाइलला सिस्टिमच्या कुठल्या लायब्रऱ्या लागतात ते दाखवणारी लिनक्सची कमांड, त्या लायब्ररीच्या डॉट एसओ फाइलवर चालवायची आणि 'नॉट फाउंड' लिहिलेल्या ओळी शोधायच्या. अनोळखी फाइलवर मात्र एलडीडी चालवू नका, तिच्या मॅन पेजवरच (लिनक्समधलं कमांडचं माहितीपान) इशारा आहे की काही वेळा ती फाइल प्रत्यक्ष चालवली जाऊ शकते. सर्व्हरवर विंडो दाखवायचीच नसेल तर ओपनसीव्हीचं हेडलेस पॅकेज घ्या, लिबजीएलची कटकटच नाही.

अजून एक, एररमध्ये दिसणारं नाव आणि इन्स्टॉल करायचं नाव एकच असेल असं धरू नका. इम्पोर्ट करतो यामल पण पॅकेज पायवायएएमएल, इम्पोर्ट पीआयएल पण पॅकेज पिलो, एसकेलर्नचं सायकिट-लर्न. एररमधलं नाव तसंच उचलून इन्स्टॉल केलं की कोणा भलत्याचंच पॅकेज मशीनवर येऊ शकतं, आणि मुद्दाम मिळतंजुळतं नाव घेऊन घातक कोड टाकणारे लोक आहेत, म्हणून आधी लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये नाव बघा.

माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक कापला कारण ती काय नाही ते सांगते पण हे पॅकेज मुळात कोणामुळे आलं ते झाड दाखवत नाही, त्यासाठी पिपडेपट्री वेगळं टाकावं लागतं. आणि टाकायच्या आधी काय काय येणार ते बघायचं असेल तर पिप इन्स्टॉललाच ड्राय-रन लावा, २०२२ मध्ये पिप २२.२ पासून आहे, तुमचं पिप त्याहून जुनं असेल तर आधी ते अपडेट करा.