एकही चूक नसलेलं पत्र

मी 28 वर्षं मराठीचे पेपर तपासले. तरीही दुसरीतल्या मुलीच्या पत्रात शुद्धलेखनाची एकही चूक नाही, याची मला शंका आली नाही. उलट डोळे भरून आले.

2022 च्या पावसाळ्यात एका सेवाभावी संस्थेच्या बाईंचा फोन आला. बोलणं आदबीचं. मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या एका आदिवासी मुलीचा खर्च उचलाल का? वर्षाला 6,000 रुपये. त्यात शाळेची फी, पुस्तकं, आरोग्य तपासणी. जिल्हा परिषदेच्या शाळेत फी नसते, पहिली ते आठवीची पुस्तकं मोफत मिळतात, मुलांची तपासणी सरकारी पथक शाळेत येऊन करतं. हे मला, एका शिक्षिकेला, ठाऊक नव्हतं थोडंच? पण मेळघाट म्हटलं की कुपोषणाच्या बातम्या आठवतात आणि डोकं चालेनासं होतं.

संस्थेच्या खात्याचं काहीतरी काम चालू आहे, असं सांगून पैसे एका माणसाच्या नावावर घेतले. पावती मात्र झकास होती. शिक्का, सही, दानावरच्या आयकर सवलतीचा 80जी क्रमांक, सगळं जागच्या जागी. महिन्याभरात पत्र आलं: ‘पूज्य काकूंस, सा. न. वि. वि.’ जिच्या घरी कोरकू बोलतात, ती सात वर्षांची पोर सा. न. वि. वि. लिहिते! मी ते पत्र शेजारणींना वाचून दाखवलं. त्यातल्या दोघींनी पैसे भरले. हे मला जास्त लागलंय.

तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत, रात्री साडेनऊला फोन. मुलीच्या हृदयाला छिद्र आहे, उद्या नागपुरात ऑपरेशन, 25,000 कमी पडताहेत. मी उभ्या उभ्या पाठवले. अशा मुलांची शस्त्रक्रिया राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मोफत होते, हे तेव्हा विचारलं असतं तर कळलं असतं. विचारायला सकाळपर्यंत थांबावं लागलं असतं, आणि तेवढंच त्यांना नको होतं.

जुलैत विवरणपत्र भरताना सीएंनी 10बीई प्रमाणपत्र मागितलं. दानावर वजावट हवी तर संस्थेनं ते द्यावं लागतं. आधीची दोन वर्षं मी वजावट मागितलीच नव्हती. दान करून वर सूट कसली घ्यायची, म्हणून. असले दाते भामट्यांना फार आवडत असणार. संस्थेचा फोन बंद. पावतीवरचा 80जी क्रमांक भलत्याच न्यासाचा निघाला. धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदींत त्या नावाची संस्थाच नव्हती.

एका जुन्या सहकाऱ्यामार्फत त्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा नंबर मिळाला. ते म्हणाले, “मॅडम, या नावाची मुलगी आमच्याकडे कधीच नव्हती. तिची चौकशी करणाऱ्या तुम्ही पाचव्या.”

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे जाऊन पाच महिने झाले होते, खातं केव्हाच रिकामं झालेलं. एकूण 43,000, शेजारणींचे वेगळे. पोलीस ठाण्यात साहेबांनी पुरावा म्हणून ते पत्र मागून घेतलं, दोनदा वाचलं आणि म्हणाले, “अक्षर छान आहे हो.”