हॅरिएट द स्पाय, काही महिने लेकीसोबत वाचल्यावर

लुईस फिट्झह्यूचं हे पुस्तक पावसाळ्यात घेतलं, लेक पाचवीत आहे, तेव्हापासून झोपायच्या आधी थोडं थोडं वाचतोय आणि आता दुसरी फेरी चालू आहे. पहिल्या फेरीनंतर लिहिलं असतं तर फक्त "धमाल आहे, घ्या" एवढंच लिहिलं असतं. धमाल तर आहेच, पण मैत्री तुटल्यावर काय होतं हे इतकं खरं सांगणारं मुलांचं पुस्तक मी तरी दुसरं वाचलेलं नाही.

पुस्तक १९६४ चं, गोष्ट न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधली. हॅरिएट अकरा वर्षांची, तिला लेखिका व्हायचंय. शाळेतून आली की केक आणि दूध, मग वही घेऊन हेरगिरी, म्हणजे ठरलेल्या घरांमध्ये चोरून डोकवायचं आणि जे दिसेल ते लिहायचं. एक सद्‍गृहस्थ सव्वीस मांजरांसोबत राहतात आणि पक्ष्यांचे पिंजरे बनवतात. एक श्रीमंत बाई ठरवते की आता पलंगातून उठायचंच नाही, आणि तिचं बोलणं ऐकायला हॅरिएट त्या घरातल्या सामान वरखाली न्यायच्या छोट्या लिफ्टमध्ये अंग चोरून बसते. हा भाग लेकीने इतक्या वेळा वाचून घेतलाय की तिला पाठ झालाय. शाळेच्या नाताळच्या कार्यक्रमात हॅरिएटच्या वाट्याला कांदा येतो आणि ती घरी जमिनीवर लोळून कांदा व्हायची प्रॅक्टिस करते, तिथे आम्ही दोघी पोट धरून हसलो.

आणि मग ती वही वर्गातल्या मुलांच्या हातात पडते. त्यात सगळ्यांबद्दल लिहिलेलं, अगदी जिवलग मित्रांबद्दल पण. स्पोर्ट हा मुलगा लेखक बापाचं घर सांभाळतो, स्वयंपाक, पैशांचा हिशोब सगळं तोच बघतो, आणि हिने लिहिलंय की तो म्हातारीसारखी काळजी करत बसतो. जेनीला सायंटिस्ट व्हायचंय, तर तिला ते जमणार आहे का अशी शंका. मग अख्खा वर्ग विरुद्ध होतो, हॅरिएट पण गप्प बसत नाही, सूड घेते, आणि लेखिका तिला कुठेही गोड मुलगी करून दाखवत नाही हे मला फार आवडलं. शेवटी तिची दाई ओल गॉली, जी मधेच लग्न ठरवून घर सोडून गेलेली असते, पत्रात लिहिते की दोन गोष्टी कर, माफी माग आणि खोटं बोल. यावर मोठ्यांनी पूर्वी बरेच आक्षेप घेतलेत. मला तो सल्ला प्रामाणिक वाटतो, दुखावलेल्या मैत्रिणीसमोर "पण मी खरंच लिहिलं होतं" म्हणून काय साधणार.

दुसऱ्या फेरीत लेकीचं लक्ष स्पोर्टकडे गेलं. पहिल्यांदा हसलेली ती आता म्हणाली, आई, त्याला किती वाईट वाटलं असेल, तो तर घरासाठीच करत होता ना. हे मी शिकवलेलं नाही. आता तिची पण एक वही आहे, कुलूप नाही काही नाही, पण घरात कोणी तिला हात लावायचा नाही असं ठरलंय आणि तिचा बाबा पण पाळतो.

सुरुवात जरा संथ आहे, तिथे धीर धरावा लागतो. जुनं इंग्लिश आणि तिथलं श्रीमंत घरांतलं वातावरण, त्यामुळे मध्येमध्ये मराठीत सांगत वाचावं लागतं, पण लेखिकेने स्वतः काढलेली शाईची चित्रं खूप मदत करतात, चेहरे बघूनच माणूस कळतो. दहा वर्षांच्या आत नका देऊ असं मी म्हणेन, आणि मूल एकटं वाचणार असेल तरी वही वाचली जाते तो भाग आणि त्यानंतरचे दिवस सोबत बसून वाचा, कारण मुलं तिथे प्रश्न विचारतात आणि तेव्हा आपण तिथे असायला हवं.